कानकाठी

रात्री दोन वाजता माझगाव असं निजतं
की डांबराखालचं बोलणं वर येतं.
धाकू घरत गुडघे टेकतो,
पोलादी सळई व्हॉल्ववर उभी करतो,
वरच्या लाकडी वाटीला कान लावतो
आणि मला हाताने खुणावतो :
श्वाससुद्धा जपून घे.

मी त्याचा मदतनीस. बॅटरी धरतो,
खडूने रस्त्यावर फुल्या मारतो, कुत्री हाकलतो.
पहिल्या महिन्यात मला सगळं सारखंच ऐकू यायचं,
लांब कुठेतरी भजी तळत असल्यासारखं.
धाकू म्हणाला, वाहतं पाणी गुणगुणतं,
गळतं पाणी फुसफुसतं.
कामाच्या नादातली बाई
आणि दाराआड मुसमुसणारी बाई,
कळतो ना फरक?
तसा.

गोदीमागच्या चाळीत तीन पोरांना कावीळ झाली
तेव्हा लोक आमच्याच अंगावर आले.
पाणी सुटलं की पहिली बादली चहाच्या रंगाची,
वास सांगायला नको.
प्रयोगशाळेच्या वाघधरे बाई आल्या,
नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने भाजलं,
बाटली भरली,
दुसऱ्या नळीत औषधाचा थेंब टाकून उजेडात धरली.
पिवळं व्हायला हवं होतं.
आम्ही सगळे बघत राहिलो, जिन्यावरची पोरंही.
झालं नाही.

परतताना धाकू म्हणाला,
भोक एकच असतं रे.
पाणी चालू असतं तेव्हा ते ओकतं,
पाणी बंद झालं की तेच पितं,
शेजारून जे वाहत असेल ते.

मी शहापूरकडचा. आमचा पाडा तानसाच्या वरच्या अंगाला.
टेकडीवरून तलाव दिसतो,
आणि होळीनंतर टँकर येतो,
म्हणजे यायचा असतो.
शिमग्याला घरी गेलो तेव्हा हौसेने सळई नेली.
पोरं जमली. हापशाच्या पायाशी बसलो,
धाकूसारखा डोळे मिटून, कान लावून.
दोन हंडे डोक्यावर घेतलेली बहीण, बुधी,
जाता जाता थांबली :
काय म्हणतंय?
म्हटलं, मुंबईला गेलोय, म्हणतंय.
पोरं हसली. तीही हसली.
मग मानेखाली ओघळलेलं पाणी पुसत म्हणाली,
तू तिथेच असतोस ना,
लक्ष ठेव त्याच्यावर.

चाळीची गळती सापडायला अकरा रात्री लागल्या.
सात फुल्या चुकल्या. एकदा तर
खोदून बघितलं तर कुणाचा तरी पंप चालू होता.
बाराव्या रात्री धाकूने सळई काढली,
दोन पावलं मागे सरकला, पुन्हा लावली,
आणि माझ्या हातातला खडू स्वतः घेतला.
सहा फुटांवर बिडाचा जुना नळ
गटाराच्या भिंतीला खेटून निजलेला,
कुशीत बोटभर चीर.
पट्टा आवळला. चिखलातच वाकून
धाकूने मला कान लावायला सांगितला.
गुणगुण.
एवढंच. हे कुणाला दाखवणार?
थांबलेल्या आवाजाचा फोटो निघत नाही.
अहवालात मी लिहिलं : काम पूर्ण. रस्ता बुजवणे बाकी.

उजाडताना नव्या टॉवरच्या फाटकाशी
वॉचमन पाइपने गाडी धूत होता.
गाडी स्वच्छच होती.
पाइप खाली टाकून तो मोबाइल बघायला लागला,
पाणी उतारावरून
आमच्या चपलांपर्यंत आलं.
धाकू सरळ आत गेला, नळ बंद केला,
हात पँटला पुसले.
वॉचमन ओरडला, साहेबांची गाडी आहे,
कुणाला विचारून?

सहा फूट जमिनीखालचं ऐकणाऱ्या धाकू घरतला
ते ऐकूच आलं नाही.
सळई खांद्यावर टाकून तो चहाच्या टपरीकडे निघाला.
मी मागोमाग,
चपला झटकत.